कापडाआधी सांगाडा : जुन्या उघड्या गाडीच्या टपाची दुरुस्ती

उघड्या टपाच्या जुन्या गाडीचं कापड विरलं की मालक थेट कुशनवाल्याकडे जातो. कापड कुठलं घ्यायचं, काळं की तपकिरी, मागच्या प्लास्टिकच्या खिडकीचं काय करायचं, यावर तासभर बोलणं होतं. ज्या लोखंडी सांगाड्यावर ते कापड ताणलं जाणार, त्याच्याकडे मात्र कुणी वाकून बघत नाही.

मीही तेच केलं होतं. माझ्या एमजीबीला नवं कापड चढलं तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकानं कौतुक केलं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि उजव्या काचेच्या वरून पाण्याची धार थेट मांडीवर येऊ लागली. महिन्याभरात मधल्या कमानीवर कापड घासून पांढरा पट्टा उठला. दोष कापडाचा नव्हता, शिवणाऱ्याचाही नव्हता. उजव्या बाजूच्या मुख्य सांध्याची पिन झिजली होती आणि तेवढ्यानं अख्खा टप एका कुशीवर गेला होता. ते कापड सहा महिन्यांच्या आत पुन्हा उतरवावं लागलं. तेव्हापासून जो कुणी विचारायला येतो त्याला मी एकच सांगतो : कापड सांगाड्याचा आकार घेतं, सांगाड्याला आकार देत नाही. सांगाडा वाकडा असेल तर कितीही भारी कापड आणा, ते वाकडंच बसेल आणि जिथे घासेल तिथेच फाटेल.

हे काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. आधी माप, मग दुरुस्ती, मग कच्ची जोडणी, मग रंग, मग पक्की जोडणी आणि सगळ्यात शेवटी कापड. हा क्रम मोडला की एकच काम दोनदा करावं लागतं.

सांगाड्याची ओळख

एमजीबी ही इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली गाडी. बंद छताची जीटी धरून ती पाच लाखांहून अधिक संख्येनं बनली, त्यामुळे तिचे बरेचसे सुटे भाग आजही नवे मिळतात. तिचा घडीचा टप साधा आहे. त्यावर एकदा हात बसला की दुसऱ्या गाड्यांचे टपही समजू लागतात, म्हणून इथे तीच गाडी समोर ठेवतो.

काचेच्या चौकटीवर येऊन बसते ती पुढची आडवी पट्टी. मी तिला कपाळपट्टी म्हणतो. तिच्या दोन टोकांच्या खिट्ट्या चौकटीत अडकवून टप घट्ट करायचा असतो. डोक्यावरून आडव्या जातात त्या कमानी. काचांच्या वरून पुढेमागे जातात त्या बाजूच्या दांड्या, आणि दांड्या एकमेकींना जिथे जोडल्या असतात ते सांधे. सगळ्या सांध्यांचा राजा म्हणजे दाराच्या मागे, बॉडीला बोल्टनं बसवलेला मुख्य सांधा. कपाळपट्टीपासून मागपर्यंत दोन नवारीच्या पट्ट्या जातात. कापड चढलं की त्या दिसत नाहीत, पण कमानी आपापल्या जागी उभ्या राहतात त्या या नवारीमुळेच.

दुसऱ्या गाड्यांत थोडे फरक दिसतील. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मॉरिस एटसारख्या टूररमध्ये कमानी वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या असतात. जर्मनीच्या ओस्नाब्रुक शहरात कारमान कंपनीनं १९४९ ते १९८० पर्यंत बांधलेल्या बीटल कॅब्रिओलेच्या टपात लोखंडाबरोबर लाकूड आहे आणि जोरदार स्प्रिंगाही आहेत. मोठ्या अमेरिकन गाड्यांत टप हायड्रॉलिक सिलिंडरवर उघडतो. आणि आपल्या ओळखीच्या जुन्या महिंद्र जीपचं हूड म्हणजे वाकवलेले पाइप आणि त्यावर ताडपत्री, इतका सोपा मामला. रूप वेगळं असलं तरी तपासणी आणि दुरुस्तीची रीत सगळीकडे तीच.

स्क्रूला हात लावण्याआधी

पहिला दिवस फक्त मापांसाठी ठेवा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, दारं बंद करा, काचा पूर्ण वर घ्या. आधी दारांच्या फटी बघा. दार लोंबत असेल किंवा खालचा पत्रा गंजून बॉडी मधूनच खचली असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. टपाचा सांगाडा बॉडीवर उभा असतो. बॉडी खचलेली असताना त्याचं माप जुळवलं, तर बॉडी दुरुस्त झाल्यावर ते पुन्हा चुकतं.

आता टप उभा करून मोजा. उजव्या मुख्य सांध्यापासून कपाळपट्टीच्या डाव्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर आणि डाव्या सांध्यापासून उजव्या टोकापर्यंतचं अंतर सारखं आलं पाहिजे. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा पिळलेला आहे. मग प्रत्येक कमानीची उंची दोन्ही टोकांना घ्या. दोन कमानींमधलं अंतर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्या. बाजूची दांडी आणि काचेची वरची कड यांच्यातली फट पुढे, मध्ये, मागे अशी तीन ठिकाणी मोजा. खिट्ट्या न लावता कपाळपट्टी चौकटीवर टेकवा. ती आपण होऊन सपाट बसते, की एक कोपरा उचललेला राहतो, हेही लिहून ठेवा.

नवार कापण्याआधी ती ताणलेली असताना तिची लांबी मोजा आणि कमानी तिच्यावर कुठे येतात तिथे खूण करा. ही मापं हातची गेली तर पुढे कमानींची जागा अंदाजानं ठरवावी लागते. जुनं कापड कितीही फाटकं असलं तरी फेकू नका. कुशनवाल्याला तोच नमुना लागणार आहे आणि कापडावरचे घासल्याचे पट्टे सांगाड्याचा दोष नेमका कुठे आहे ते दाखवतात.

फोटो भरपूर काढा. प्रत्येक सांध्याचा बाहेरून, आतून, टप उघडा असताना आणि घडी केलेला असताना. कुठला वायसर कुठल्या बाजूला होता, हे महिन्याभरानं आठवत नाही.

खोलताना

सांगाडा एकट्यानं उतरवू नका. दुसरा माणूस हवाच, कारण बोल्ट सुटले की सगळं एकदम मिटतं आणि दांड्यांच्या कात्रीत बोट सापडतं. स्प्रिंग असलेल्या टपाला तर अधिकच जपा. स्प्रिंगचा ताण कुठल्या स्थितीत सर्वांत कमी असतो ते आधी बघा, त्या स्थितीत सांगाडा दोरीनं बांधा आणि मगच पिन काढा. हायड्रॉलिक असेल तर आधी दाब उतरवायचा आणि नळ्यांची तोंडं बंद करायची.

एमजीबीच्या कपाळपट्टीवर कापड चिकटवलेलं असतं आणि पुढच्या रबरी पट्टीची धरणी रिपिटांनी बसवलेली असते. रिपिटांची डोकी ड्रिलनं उडवा. छिन्नी मारलीत तर पट्टीची पातळ कड दुमडते आणि ती पुन्हा कधी सरळ होत नाही. सांध्यांच्या रिपिटांनाही तोच नियम : डोकं कानशीनं किंवा ड्रिलनं उतरवायचं, खाली ठोकळ्याचा आधार द्यायचा आणि पंचानं पिन बाहेर काढायची. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. डावं-उजवं ओळखायला एक रंगाची टेप डाव्या भागांना, दुसऱ्या रंगाची उजव्या भागांना.

गंज कुठे लपतो

दिसणारा गंज फारसा धोक्याचा नसतो. धोका असतो तो कपाळपट्टीच्या पोकळीत, कापडाच्या दुमडीखाली, चुका ठोकण्याच्या पट्टीमागे आणि पाइपच्या आत. पावसाचं पाणी कापडातून झिरपून कपाळपट्टीत साचतं आणि तिथेच वर्षानुवर्षं राहतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारी हवा हे काम आणखी लवकर करते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं सगळीकडे हलकं ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोकानं दाबून बघा. टोक आत गेलं तर त्या जागी पुट्टी भरून भागणार नाही. तेवढा तुकडा कापून त्याच जाडीच्या पत्र्याचा नवा तुकडा बसवावा लागेल.

वेल्डिंग नेहमी सांगाडा गाडीवरून उतरवूनच करा. गाडीच्या मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी असते, आणि ठिणगीला तेवढं निमित्त पुरतं. पातळ पत्र्याला को-टू वेल्डिंगचे छोटे टाके घाला, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ देत. सलग शिवण ओढलीत तर उष्णतेनं कपाळपट्टी केळ्यासारखी वाकते. जस्ताचा मुलामा असलेल्या भागावरून वेल्डिंगआधी जस्त घासून काढा, कारण त्याचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

जुना रंग आणि गंज उतरवायला सँड ब्लास्टिंग चांगलं, पण कारागिराला आधी सांगा की काम पातळ पत्र्याचं आहे. बारीक वाळू, कमी दाब आणि सांध्यांच्या भोकांना टेप. जड कामाचा दाब लावला तर पत्रा लाटेसारखा होतो. हातानं करणार असाल तर वायर ब्रश आणि वॉटर पेपर वापरा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं घासा, तोंडावर चांगला मास्क लावा आणि घरातल्या मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. भोकांच्या तळाशी उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रसायन लावता येतं, पण डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते नीट धुऊन, पुसून, वाळवून घ्यायला हवं. उघडं लोखंड रात्रभर तसंच ठेवू नका. दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर पिवळसर तांबारा चढतो. ज्या दिवशी घासलं त्याच दिवशी प्रायमर.

वाकलेलं सरळ करण्याची एक सोपी युक्ती

दांडी वाकली आहे की मुळातच तिला बाक आहे, हे कसं ओळखायचं? उजवी दांडी पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलनं तिची रेघ काढा. पुठ्ठा कापा, उलटा करा आणि डावी दांडी त्यावर ठेवा. दोन्ही बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असायला हव्यात. कुठली बाजू वाकली हे कळत नसेल तर मोजलेल्या काचेच्या फटी बघा. ज्या बाजूची फट काचेच्या कडेला समांतर जाते ती बाजू बरोबर.

लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये धरून थंडच वाकवा. थोडं वाकवा, पुठ्ठ्यावर ठेवून बघा, पुन्हा थोडं. ओतीव भाग मात्र वाकवायचा प्रयत्नच करू नका. चुंबक चिकटत नसेल तर तो अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जस्ताचा ओतीव असण्याची शक्यता आहे, आणि असा भाग वाकत नाही, कडकन तुटतो. चुंबक चिकटला तरी ओतीव लोखंडाचा खडबडीत पोत ओळखायला शिका.

सांधे : कामाचं खरं मर्म

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर तो हा ठेवा.

समजा मुख्य सांध्यातल्या दोन पिनांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर आहे आणि तिथून कपाळपट्टी ऐंशी सेंटीमीटर पुढे आहे. मागच्या पिनेत एक मिलिमीटर ढिलाई आली, तर पुढचं टोक आठ मिलिमीटर हलतं. सांध्याजवळ जे बोटाला जेमतेम जाणवतं, ते काचेच्या चौकटीवर पाणी आत यायला पुरेसं होतं. शिवाय सांधे एका बाजूला चार-पाच असतात, आणि प्रत्येकाची ढिलाई पुढच्यात मिसळत जाते.

म्हणून प्रत्येक पिन आणि प्रत्येक भोक व्हर्नियरनं मोजा. नवी पिन गोल असते. झिजलेली एका बाजूनं चपटी असते. भोकं झिजली की लंबगोल होतात. फक्त पिन झिजली असेल तर नवी पिन करून घेतली की झालं. भोकही लंबगोल असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला : भोक वेल्डिंगनं भरून, कानशीनं सपाट करून, मूळ जागी पुन्हा पाडायचं. दुसरा : भोक थोडं मोठं करून त्यात पितळेचं किंवा गनमेटलचं बुश बसवायचं. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण पुढे झिजतं ते बुश, दांडी शाबूत राहते, आणि बुश वीस वर्षांनी पुन्हा बदलता येतं. पण दांडी अरुंद असेल तर बुशासाठी जागाच उरत नाही. भोकाच्या कडेला पुरेसं लोखंड शिल्लक राहील का, हे आधी मोजा.

मूळ भोकाचं केंद्र सापडणं फार महत्त्वाचं आहे. भोक ज्या बाजूला झिजलं त्याच्या उलट बाजूची कड अजून मूळ जागी असते. तिच्यावरून गोल आखा आणि केंद्रावर पंच मारा. केंद्र दीड मिलिमीटरनं सरकलं तर सगळी मेहनत वाया जाते.

पिना लेथवाल्याकडून पायरीच्या करून घ्या. म्हणजे फिरण्याचा भाग जाड आणि ठोकायचा भाग बारीक. जाड भागाची लांबी दांडीची जाडी, वायसरची जाडी आणि वर ०.१ ते ०.२ मिलिमीटर इतकी ठेवा. मग रिपीट कितीही घट्ट ठोकलं तरी दांडी अडकत नाही. महाराष्ट्रात हे काम करणारे हात भरपूर आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही लेथच्या गाळ्यात नमुना आणि माप नेऊन दिलं की पिना मिळतात. तोंडी सांगू नका, कागदावर मापासकट आकृती काढून द्या.

आणि अजून काहीही ठोकू नका. आधी सगळ्या सांध्यांत तात्पुरते बोल्ट आणि लॉकनट घाला. त्याचं कारण पुढे येतं.

लाकूड असेल तर

लाकडी कमानी असलेल्या इंग्लिश गाड्यांत अ‍ॅश नावाचं लाकूड वापरत. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. वाकण्याच्या बाबतीत आपल्याकडचं तुतीचं लाकूड त्याच्या जवळ जातं. हॉकीच्या काठ्या त्याच लाकडाच्या होत आल्या आहेत. गाठी नसलेलं, सरळ रेषांचं आणि पूर्ण न वाळलेलं लाकूड घ्या. वाफेच्या पेटीत दर इंच जाडीला साधारण एक तास या हिशेबानं ठेवा आणि बाहेर काढल्यावर मिनिटाच्या आत साच्यावर वाकवा. बाहेरच्या अंगाला पत्र्याची पट्टी लावली तर तंतू फाटत नाहीत. हे जमत नसेल तर दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या एकमेकींवर चिकटवून साच्यात दाबा. अशी कमान पुन्हा सरळ व्हायला बघत नाही.

चुका ठोकण्याच्या पट्टीला साग चालतो, पण साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी तो पृष्ठभाग थिनरनं पुसा, नाहीतर गोंद धरत नाही. प्लायवूडच्या कडेत चूक धरून राहत नाही, म्हणून तिथे अखंड लाकूडच हवं. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी लावून वाळवा, मग वार्निश. स्क्रूची भोकं आतूनही वार्निश करा, कारण पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं.

मूळ ठेवायचं की बदलायचं

नवा सांगाडा विकत मिळत असेल तर जुन्याची मेहनत कशाला, असा प्रश्न येतो. माझं उत्तर : मूळ सांगाडा निम्म्याहून अधिक शाबूत असेल तर तोच वाचवा. तो त्याच बॉडीवर बसून मुरलेला असतो आणि त्याचे बारकावे त्या वर्षीच्या गाडीचे असतात. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. गाडी मूळ रूपात राखलेली असणं ही त्यातली मुख्य अट आहे. टपाचा सांगाडा तपासायला कुणी येईल न येईल, पण मूळ रूप म्हणजे अशा लहान भागांचीच बेरीज असते.

रंग : कुठला आणि कधी

रंग ठरवण्याआधी सांध्याच्या आत, वायसरखाली, ऊन न लागलेल्या जागी बघा. मूळ रंग तिथे टिकलेला असतो. त्याच्यावरून छटा जुळवा.

पावडर कोटिंग स्वस्त आणि झटपट आहे, पण टपाच्या सांगाड्यासाठी ते जपून करावं. त्याचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. दांडीच्या दोन्ही अंगांना आणि भोकाच्या आत तो बसला की सांधे जाम होतात, म्हणून सगळी भोकं आणि घासणाऱ्या जागा झाकाव्या लागतात. भट्टी १८० ते २०० अंशांवर तापते. तेव्हा लाकूड, रबर, नायलॉन सगळं आधी काढलेलं हवं. जुन्या दुरुस्तीत शिशाचा डाग भरलेला असेल तर तो भट्टीत वितळून खाली येईल. आणि कुठे टवका उडाला तर पाणी थराखाली पसरतं आणि गंज आतल्या आत वाढतो.

माझी पसंती दोन डब्यांच्या एपॉक्सी प्रायमरला आणि त्यावर अर्धचकचकीत पीयू रंगाला. थर पातळ बसतात आणि टवका उडालेली जागा पुन्हा भरता येते. पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासातून गेली तर कायमचा दमा लागू शकतो. साधा मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. म्हणून हे काम घराच्या पार्किंगमध्ये करू नका. सोय असलेल्या रंगवाल्याकडे द्या. घरीच करायचं असेल तर चांगलं इनॅमल ब्रशनं लावा. दोन पातळ थर, मध्ये वॉटर पेपर. सांगाड्यावर ते शोभतं आणि टिकतंही.

काळ कुठला निवडायचा? दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावूच नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असायला हवं. त्याहून थंड पत्र्यावर न दिसणारं दव असतं आणि प्रायमर त्याच्यावर बसतो, लोखंडावर नाही. पावसाळ्यात लावलेल्या डुको रंगावर जी पांढुरकी झाक येते ती हवेतल्या याच ओलाव्याची.

पाइपच्या आत ब्रश जात नाही. रंग वाळल्यावर पोकळीत बारीक नळीनं गंजरोधक मेण फवारा. पाणी निचरण्याची मूळ भोकं मात्र रंगानं किंवा मेणानं बुजवू नका.

कच्ची जोडणी आणि पक्की जोडणी

रंगाच्या आधीच, बोल्ट-लॉकनटावर उभा केलेला उघडा सांगाडा गाडीवर बसवून बघायचा असतो. हीच ती पायरी जी सगळे वगळतात. मुख्य सांध्याचे बोल्ट ढिले ठेवा. कपाळपट्टी चौकटीवर बसवून खिट्ट्या लावा. कमानी मापाच्या जागी दोरीनं बांधा. काचा वर, दारं बंद. आता फटी पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवसाच्या मापांशेजारी लिहा. मुख्य सांध्याची भोकं लांबट असतील तर तो पुढेमागे सरकवून, नाहीतर पातळ वायसर घालून जुळवा. फट सगळीकडे सारखी झाली की बोल्ट आवळा आणि टप निदान पंचवीस वेळा उघडा-मिटा. कुठे खरचटतं, कुठे अडकतं, घडी केल्यावर कुठली दांडी मागच्या पत्र्याला टेकते, सगळं तेव्हाच कळतं. रंगाच्या आधी कळलं तर कानस चालते. रंगानंतर कळलं तर फक्त हळहळ उरते.

सगळं जुळल्यावर खोला, रंगवा, वाळू द्या. एपॉक्सी हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला दिवस लागतात. डब्यावर लिहिलेला काळ पाळा. मग रिपिटं ठोका. सांध्यांत नायलॉनचे नवे वायसर घाला आणि हलक्या मशीन तेलाचा एकेक थेंब सोडून जादाचं पुसून घ्या. ग्रीस नको. त्यावर धूळ बसते, घडी करताना ती कापडाला लागते आणि तो डाग जात नाही.

नवार, मग कापड

नवी नवार ओल्यानं न आकसणारी घ्या. सुती असेल तर आधी भिजवून वाळवा. जुन्या मापाप्रमाणे दोन्ही पट्ट्या एकाच ताणावर बसवा आणि कमानींची अंतरं पुन्हा मोजा. कमानी जिथे कापडाला स्पर्श करतात तिथे फेल्टची पट्टी चिकटवा. इतकं झालं की कुशनवाल्याला बोलवा आणि त्याला तुमची मापांची वही दाखवा. चांगला कारागीर ती बघूनच कामाला वेगळ्या नजरेनं हात घालतो. कापड थंड सकाळी ताणू नये. उन्हात सैल पडलेलं कापड कमी जोरात नीट बसतं.

सांगाडा टिकवायचा तर

टप उघडताना आधी दोन्ही खिट्ट्या सोडा, मगच उचला. एका बाजूनं कधीही ओढू नका. मधोमध धरून उचला, नाहीतर दोघांनी दोन बाजूंनी. एका हातानं एका कोपऱ्याला दिलेले झटके हीच सांगाडा पिळण्याची सगळ्यात मोठी वाट आहे.

ओला टप घडी करून ठेवू नका. पावसाळ्यात गाडी उभी असली तरी टप वर ठेवा आणि कोरड्या दिवशी काचा उघडून आत वारा खेळू द्या. प्लास्टिकचं आवरण घालू नका. त्याखाली दमट हवा कोंडते आणि सगळी मेहनत आतून गंजू लागते. दर दिवाळीला सांधे पुसून तेलाचा थेंब, निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी, रंगाचे टवके दिसतील तिथे लगेच ब्रश.

आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक परीक्षा घ्या. काचा वर करा, आसनांवर आणि पायाशी वर्तमानपत्रं अंथरा, आत बसा आणि बाहेर कुणाला तरी पाण्याचा पाइप धरायला सांगा. आधी काचेच्या चौकटीवर पाच मिनिटं, मग दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर पाच-पाच मिनिटं. कागद कुठे भिजतो ते बघा आणि तिथली फट वहीतल्या मापाशी ताडून पाहा.

ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. फटींची मापं, पिनांची जाडी, बुशचा आकार, नवारीची लांबी, रंगाची छटा, सगळं तारखेसकट. कापड पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा बदलावं लागेलच, पण तेव्हा कुणाला अंदाजानं कमान बांधावी लागणार नाही. माझ्या गाडीची वही पहिल्या पानावर ‘उजवा मुख्य सांधा’ या नोंदीनं सुरू होते. नवं कापड चढून आता चार पावसाळे झाले, आणि उजव्या बाजूचा कागद अजून कोरडा निघतो.